बाहेरच्यांचे ताट

सिंगापूरच्या मरीन परेडमधल्या त्या उंच इमारतीखाली पूर्वी समुद्र होता, ही गोष्ट हनोख झिराडकर प्रत्येक पाहुण्याला अशा थाटात सांगे, जणू तिथला भराव त्यानेच घमेल्याघमेल्याने टाकला होता.

"आत्ता तुम्ही जिथे चहा पिताय ना, तिथे मासे पोहत होते."

"आणि हे तेव्हाही पोहत नव्हते," सिपोरा, त्याची बायको, स्वयंपाकघरातून पुस्ती जोडी.

पाहुणे हसत आणि हनोख त्यांच्याहून मोठ्याने हसे. जहाजांवर पोट असलेल्या माणसाला पोहता येत नाही, हा त्या घरातला सर्वांत टिकाऊ विनोद होता. हनोख जहाजांचे तळ तपासणारा इंजिनिअर होता. जुरोंगच्या सुक्या गोदीत एखादे धूड पाण्याबाहेर घेतले की तो त्याच्या पोटाखाली मान वर करून उभा राही. पत्रा कुठे झिजला, बार्नेकलचे चुन्यासारखे पांढरे शिंपले कुठे किती चढले, हे बोटांनी चाचपून तो जहाज किती काळ पाण्यात होते ते सांगे, आणि कप्तानाचे कागद नंतर त्याचीच री ओढत. समुद्र त्याला आवडे, पण तो आटल्यावर. लाँचमध्ये बसायची वेळ आली तर डोळे मिटून घेई.

झिराडकर हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. कधीकाळी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले. थोडी जोडपी काठाला लागली, बाकीचे बुडाले. जगले त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. बुडालेल्यांची प्रेते वाहून आली, त्यांना नवगावच्या मातीत पुरले. इथपर्यंतची कथा बेने इस्रायलींच्या कुठल्याही घरात ऐकायला मिळते. झिराडकरांच्या घरात मात्र शेवटी आणखी दोन शब्द येत. हनोखची आई ते दिव्याची वात सारखी करता करता म्हणे, "सगळ्यांना नाही."

म्हणून त्यांच्या घरी मलिद्याला एक ताट जास्त निघे.

मलिदा हा एलियाहू हन्नाबी या पैगंबराच्या नावाचा नवस. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, वर गुलाबाच्या पाकळ्या, भोवती फळे. प्रार्थना म्हणायची आणि प्रसाद वाटायचा. झिराडकरांकडे पाकळ्या विसकटायच्या आधी मूठभर पोहे कोरडेच वेगळे काढत आणि समुद्राच्या दिशेच्या उंबऱ्याबाहेर ठेवत. त्याला बाहेरच्यांचे ताट म्हणत.

"कोरडे का गं?" लहानपणी हनोखने विचारले होते.

"पाणी पुष्कळ आहे त्यांच्याकडे," आई म्हणाली होती.

हे ती कुणी परगावच्या मावशीबद्दल बोलावे तितक्या सहज म्हणाली. तिच्या हाताला ताटे वाढण्याचीच सवय होती. हनोखचे वडील माझगावच्या गोदीत फिटर होते आणि बहुधा उशिरा येत. त्यांच्या वाटणीचे ती ताटाच्या कडेला काढून ठेवी आणि वर वाटी पालथी घाली. पालथी वाटी दिसली की पोरांनी हात लावायचा नाही. वाटी पालथी आहे म्हणजे माणूस येणार आहे.

ती जाऊन वर्ष झाले होते. आता एकोणीसशे शहाण्णव साल, आणि सिंगापुरातल्या या घरात एका रविवारी मलिदा ठरला होता. त्या मलिद्यावर शुलीचे लग्न अवलंबून होते.

शुलमिथ, म्हणजे शुली, हनोखची एकुलती मुलगी. तांजोंग पगारच्या ज्या इमारतीत ती नोकरीला होती, तिथेच रूबेन काम करी. रूबेन सिंगापूरचाच. त्याचे पूर्वज बगदादहून कलकत्त्यामार्गे इथे आलेले. लग्न दोघांनी ठरवले होते आणि रूबेनच्या आईबापांची ना नव्हती. पण त्या घरात शेवटचा शब्द आजीचा असे. मोझेल तिचे नाव. पाठ ताठ, गळ्यात मोती, जन्म कलकत्त्याचा, म्हणून हिंदुस्तानी अजून जिभेवर होती. पहिल्याच भेटीत तिने शुलीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला होता आणि हनोखला प्रेमळपणे विचारले होते, "तुम लोग असली वाला है ना?"

सगळे हसले. हनोखही हसला. पण घरी येताना बसमध्ये तो सर्वांत मागे जाऊन बसला.

हाच प्रश्न त्याच्या वडिलांना मुंबईत बगदादी ज्यूंच्या एका सिनेगॉगात विचारला गेला होता. कुणी आवाज चढवला नव्हता. मागच्या बाकावर बसा, इतकेच सुचवले होते. वडील मागच्या बाकावर बसले आणि मग आयुष्यभर कुठल्याही खोलीत मागेच बसत राहिले, स्वतःच्या घरातसुद्धा. तो बाक हनोखने कधी पाहिला नव्हता. तरीही कुणी बसायला सांगितले की त्याची नजर आधी शेवटची जागा शोधी.

"या वेळी कोरडं ताट नको," शुक्रवारी संध्याकाळी तो म्हणाला.

सिपोरा शब्बाथच्या मेणबत्त्या पुसत होती. तिचा हात थांबला. "का?"

"ती बाई येऊन काय बघणार? उंबऱ्याबाहेर पान मांडलंय! म्हणेल, हे तर पितरांना जेवू घालतात, हे कसले ज्यू? शुलीचं लग्न मोडायचंय का तुला?"

"आईंनी बजावून सांगितलं होतं, हे चुकवायचं नाही."

"आणि चुकलं तर?"

"ते नाही सांगितलं. तिथे आल्या की त्या गप्प बसायच्या."

"पप्पा इज राइट, लाह," शुली सोफ्यावरून सिंगापुरी ढंगात म्हणाली. "ग्रॅनीला आधीच शंभर डाउट्स आहेत. मलिदा एक्सप्लेन करतानाच माझा घाम निघाला. तिला वाटलं, रोजाक. फळंबिळं कालवलेलं काहीतरी."

विषय हसण्यावारी गेला. सिपोराने मेणबत्त्या लावल्या. त्या जरा तडतडल्या, जसे ओले सरपण तडतडते.

रविवारी सकाळी हनोखने स्वतः, शंकेला जागाच नको म्हणून, घरातले सगळे पोहे परातीत ओतले आणि नळाखाली धरले. मूठभरही मागे ठेवले नाहीत. पोहे फुलत असताना त्याचे लक्ष खिडकीकडे गेले. काचेवर पांढुरका पापुद्रा धरला होता. समुद्राच्या वाऱ्याने धरतोच, म्हणून तो फडके घेऊन बाल्कनीत गेला. बाहेरची बाजू स्वच्छ होती.

तो आत येऊन काचेवर बोट फिरवून चाटला. मीठ होते. एअर कंडिशनरच्या नळीतून येत असेल, असे त्याने ठरवले आणि काच आतून पुसून टाकली.

"अहो, जरा चव बघा," सिपोराने चमचा पुढे केला. "खारट लागतंय का?"

लागत होते.

"साखरेच्या ऐवजी मीठ घातलंस!"

"मीठ डब्यात आहे, डबा वर आहे, आणि माझा हात तिथे पोचत नाही. तुम्ही काढून दिल्याशिवाय मी मीठ कुठून घालू?"

तिने आणखी साखर घातली, आणखी नारळ घातला. मग तिने नळाखाली ओंजळ धरली, ओठांना लावली, आणि फिल्टरच्या पाण्याने तोंड धुतले.

दुपार कलली तसे घर भरू लागले. रूबेनचे आईवडील, काका, काकू, चुलत भावंडे आली. शेजारची मेधा आली. ती पुण्याची, नवरा कॉम्प्युटर कंपनीत. तिच्याकडून खुर्च्या उसन्या आणल्या होत्या आणि खुर्च्यांपाठोपाठ ती स्वतः, हातात चकल्यांचा डबा घेऊन. मोझेल रूबेनच्या दंडाला धरून आली, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेच्या डबीला, बोटे लावून ती तिने ओठांना टेकवली आणि खोलीभर नजर फिरवली. हनोखने तिच्या नजरेमागे नजर नेली. टेबलावर पांढरी चादर, मधोमध मलिद्याचे ताट, पाकळ्या, खजूर, संत्री. उंबऱ्याबाहेर काही नव्हते.

"सुंदर," रूबेनची आई म्हणाली.

मग बसण्याचा घोळ सुरू झाला. खुर्च्या पुरेशा होत्या. सिपोराने माणसांना पुरून उराव्यात इतक्या मांडल्या होत्या. तरी सगळे बसले की कुणीतरी उभे राही. काका उठून मेधाला जागा देत, मेधा काकूंना देई, आणि सरतेशेवटी रूबेन हसत भिंतीला टेकलेला दिसे. वेताचा मोढा आणला. स्टूल आणले. शुलीने अभ्यासाची खुर्ची ओढत आणली.

"म्युझिकल चेअर्स चाललंय," काका म्हणाले.

"गाणं बंद झालं की खाली बसायचं, एवढंच लक्षात ठेवा," मेधा म्हणाली, आणि खोली हसण्याने भरून गेली.

पण रिकामी खुर्ची कुठेच दिसत नव्हती, आणि उभे राहणाऱ्यांना आपण मुळात का उठलो ते सांगता येत नव्हते. जागा झाली नाही, एवढेच ते म्हणत. बाल्कनीच्या दाराजवळचा भाग मात्र मोकळा राहिला होता. तिकडे कुणी सरकत नव्हते. गर्दीत बायका जसा पदर सावरतात, तशी मेधाने तिकडची ओढणी सावरली आणि अंग चोरून ती जरा अलीकडे झाली.

हनोखने प्रार्थना म्हटली. त्याचा आवाज चांगला होता. आळवणीत सगळ्यांनी सूर मिसळला, ज्यांना शब्द येत नव्हते त्यांनीही. ओल्या लाकडाचा, दोरखंडाचा वास मध्येच आला. त्याच्यासाठी तो गोदीतला ओळखीचा वास होता, म्हणून त्याने त्याकडे लक्ष दिले नाही. आळवणी संपली आणि तरी शेवटचा स्वर क्षणभर मागे रेंगाळला, खालच्या पट्टीत. सगळ्यांची तोंडे मिटलेली होती.

"एअर कंडिशनर," हनोख म्हणाला. त्याला कुणी काही विचारले नव्हते.

सिपोराने पहिली बशी मोझेलपुढे धरली. म्हातारीने ती घेतली नाही. हात मांडीवर जुळवून ती बसून राहिली.

"ग्रॅनी, खा ना."

"पहले उनको दो."

"सगळ्यांना मिळतंय, ग्रॅनी," रूबेन म्हणाला, आणि मग हनोखकडे वळून इंग्रजीत कुजबुजला, "सॉरी, अंकल. युद्धात ती जपान्यांच्या छावणीत होती, सायम रोडला. तिथे माणसांना उन्हात उभं करून ठेवायचे, उपाशी. अजूनही कुणी ताटकळत उभं असलं तर तिच्या घशाखाली घास उतरत नाही. आमच्या घरात पोस्टमनलासुद्धा आधी खायला मिळतं."

"आता बसा रे सगळे," काका ओरडले. भिंतीला टेकलेली पोरे पटापट जमिनीवर बसली. सिपोरा बसली. हनोख बसला. खोलीत उभे कुणी राहिले नाही.

मोझेलची मान हलली नाही. ती बाल्कनीकडे पाहत होती.

"कब से खड़ा है," ती हळू म्हणाली. "अंदर कोई बुलाता नहीं. ये कैसा घर है?"

हसू ओसरले. रूबेनच्या आईने नवऱ्याकडे पाहिले. शुलीने ओठ दाताखाली धरला. सगळे हातचे जात होते, आणि नेमके कशामुळे जात होते हे त्या खोलीत फक्त दोघांना कळत होते.

हनोखने बाल्कनीकडे पाहिले. दोन कुंड्या. कठड्याबाहेर रोवलेली कपडे वाळत घालायची बांबूची काठी. पलीकडे ऊन, आणि उन्हात नांगरलेली जहाजे.

काठीवर एकही कपडा नव्हता. काठी ठिबकत होती.

सिपोरा उठली. "मेधा, तुझ्याकडे पोहे आहेत?"

"जाडे आहेत. कांदेपोह्यांचे. भिजवून आणू?"

"नको," हनोख म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "कोरडेच आण."

मेधा पोह्यांचा डबाच घेऊन आली. हनोखने ताट घेतले, त्यात पोहे ओतले. सगळ्यांच्या देखत, बगदादच्या आणि कलकत्त्याच्या आणि सगळ्या मागच्या बाकांच्या देखत, तो बाल्कनीच्या दाराशी गेला. उंबऱ्याबाहेर त्याने ताट ठेवले. वाकताना त्याच्या तोंडून आईचे शब्द निघाले. ते आपल्याला पाठ आहेत हे त्याला ठाऊक नव्हते.

"उशीर झाला. घ्या."

तो मागे सरला.



मोझेल पाहत होती. एखाद्या पंगतीवर नजर ठेवावी तशी तिची नजर उंबऱ्याबाहेर सावकाश डावीकडून उजवीकडे गेली. खूप वेळ जात राहिली.

मग तिने पाठ खुर्चीला टेकवली.

"बस," ती म्हणाली. "बैठ गया सब."

तिने बशी घेतली, मलिद्याचा घास तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "मीठा बराबर है. और दो." सिपोराने घाईने स्वतः चाखून पाहिले. गोड होते, जरा जास्तच, कारण साखर दोनदा पडली होती. तिला हसू फुटले, आणि ते एकदा फुटले ते थांबेना. पाठोपाठ शुली, मग मेधा, मग सगळी खोली. काका उठले तरी त्यांची खुर्ची रिकामी राहिली. सगळीकडे एकाएकी जागाच जागा होती.

मोझेलने हातातले कडे काढले आणि शुलीच्या मनगटात चढवले. मग हनोखला जवळ बोलावले.

"तुम्हारा खानदान पूछने आयी थी मैं," ती म्हणाली. म्हातारीच्या डोळ्यांत खट्याळपणा होता, आणि पाणीही. "इतना बड़ा खानदान! हमारा सब छावनी में गया. हमारे यहाँ तो कोई नहीं आता."

हनोख तिच्यासमोर वाकला. त्याने तिचे हात हातात घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच तो एका भरल्या खोलीत सर्वांत पुढच्या खुर्चीवर बसला, आणि बराच वेळ बसला. तारखा निघाल्या. मेंदी कुणाच्या घरी, हलवा कुणी करायचा, यावर दोन्हीकडच्या बायका कडाकडा भांडल्या, म्हणजे सोयरीक पक्की झाली. मेधाच्या चकल्या संपल्या. उद्या रात्री आमच्याकडे जेवायला या, असा आग्रह रूबेनच्या वडिलांनी केला.

"उद्या नको. उद्या लाँचने जायचंय, लांब नांगरलेला एक टँकर बघायला," हनोख म्हणाला. "कधी परततो, सांगता येत नाही."

"डोळे मिटून जाणार आहेत," सिपोरा म्हणाली, आणि तो जुना विनोद नव्या माणसांत पुन्हा नव्याने हसला गेला.

पाहुण्यांना पोचवायला शुली आणि मेधा खाली गेल्या. सिपोरा भांडी आवरू लागली. ऊन तांबूस झाले होते. हनोख गुणगुणत ताट उचलायला बाल्कनीत आला.

काठी वाळली होती. ताटात पोहे नव्हते. एकही दाणा नव्हता. तळाशी पाण्याचा पातळ थर होता, आणि त्यात वाळू.

कडेला एक वाटी होती.

ती मातीची होती. त्यांच्या घरात मातीची वाटी नव्हती, कधीच नव्हती. तिच्या अंगावर बार्नेकलची पांढरी वर्तुळे चढली होती, थरावर थर. सवयीने त्याची बोटे त्यांवरून फिरली. किती काळ पाण्यात होती याचा अंदाज तो मनाशी बांधू लागला, आणि मध्येच त्याने तो सोडून दिला.

वाटी पालथी होती.

त्याने ती उचलली. खाली ताटाच्या कडेला मूठभर पोहे होते. नीट सारखे करून ठेवलेले, बोटांनी दाबलेले, कोरडे.

"अहो," सिपोराने आतून हाक मारली, "उद्या जेवायला वेळेवर याल, की तुमचं काढून ठेवू?"

हनोखने वाटी होती तशीच पालथी ठेवली.

"नको," तो म्हणाला. "काढून ठेवलंय."